हे चॅनल कुणाचं? तेलुगू बातम्यांवरून मालक शोधायला शिकू या

सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी सातच्या सुमाराला गल्लीतून चालत गेलं की दोन्ही बाजूंनी तेलुगू बातम्या कानावर पडतात. पद्मशाली विणकरांची ही वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहून मराठी अगदी घरची झाली असली, तरी बातम्या मात्र तेलुगूतच बघायच्या. आमच्या शेजारचे अण्णा उमेदीची सगळी वर्षं यंत्रमागावर घालवून आता घरी बसलेत. बहीण सिरसिल्ल्याला दिलेली, म्हणून तेलंगणात काय चाललंय याची त्यांना रोजची काळजी. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीच्या दिवसांत अण्णांकडे एक चॅनल लागायचं, समोरच्या घरी दुसरं. दोन्ही घरांतल्या बातम्या ऐकल्या तर वाटावं, दोन वेगळ्या राज्यांत दोन वेगळ्या निवडणुका चालल्यात. ३ डिसेंबरला निकाल लागला, काँग्रेस आली, आणि अण्णा मला म्हणाले, "पोरी, तू कंपन्यांची कामं करतेस ना? मग सांग, हे चॅनल आहे कुणाचं?"

मी इथल्या एका सीएंच्या ऑफिसात तेवीस वर्षं आहे. टॉवेल, चादरी, सूत यांच्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची आरओसीची, म्हणजे सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाची, कामं माझ्याकडे असतात. रिटर्न भरणं, डायरेक्टर बदलला की फॉर्म टाकणं, डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, डोंगल लावून वाट बघत बसणं, हे माझं रोजचं. तेव्हा अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हाताशीच होतं, फक्त ते शोधावं असं कधी मनात आलं नव्हतं. आता कुणी विचारलं की मी शेजारी बसवून दाखवते. तुम्हालाही तसंच दाखवते. मोबाइलवर जमतं, पण संगणक असला तर बरं, कारण स्कॅन केलेली वाकडीतिकडी पानं मोठी करून वाचावी लागतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. पडद्यावरचा लोगो म्हणजे कंपनी नव्हे. चॅनल चालवायची परवानगी सरकार एखाद्या कंपनीला देतं, आणि त्या कंपनीचं नाव चॅनलच्या नावाशी जुळेलच असं नाही. तेलुगूत तर बहुतेक जुळत नाहीच. साक्षी टीव्हीची कंपनी इंदिरा टेलिव्हिजन. एबीएन आंध्रज्योतीची आमोदा ब्रॉडकास्टिंग. एनटीव्ही रचना टेलिव्हिजनचं, टीव्ही५ श्रेया ब्रॉडकास्टिंगचं, व्ही६ व्हीआयएल मीडियाचं, टी न्यूज तेलंगणा ब्रॉडकास्टिंगचं. कंपन्यांच्या सरकारी पोर्टलवर चॅनलचं नाव टाकून शोधत बसलात तर अर्धा दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

म्हणून पहिलं पाऊल माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या वेबसाइटवर. तिथं परवानगी मिळालेल्या खासगी उपग्रह वाहिन्यांची यादी असते. चॅनलचं नाव, कंपनीचं नाव, भाषा, बातम्यांचं की इतर, असे रकाने असतात. यादी लांबलचक आहे, शोधायच्या चौकटीत चॅनलचं नाव टाका. नाव इंग्रजीतच टाकावं लागतं आणि स्पेलिंग नीट लागतं. समोर जे कंपनीचं नाव येईल ते वहीत जसंच्या तसं उतरवून घ्या, 'प्रायव्हेट' आहे की नुसतं 'लिमिटेड' हेसुद्धा. एकाच कंपनीची किती चॅनलं आहेत तेही याच यादीत दिसतं. अण्णांना मी टीव्ही९ तेलुगूची ओळ दाखवली. कंपनी निघाली असोसिएटेड ब्रॉडकास्टिंग कंपनी. मग त्याच कंपनीच्या नावानं यादी पुन्हा शोधली. कन्नड, गुजराती, हिंदीतलं भारतवर्ष, आणि आपलं टीव्ही९ मराठी! अण्णांच्या सुनेच्या खोलीत तेच लागलेलं होतं. एकाच घरात दोन भाषांतल्या बातम्या, आणि मालक एकच.

यापुढं आपण टीव्ही९ चंच उदाहरण घेऊ, कारण शिकायला ते फार चांगलं आहे.

कंपनीचं नाव मिळालं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर जायचं. आधी स्वतःचं खातं काढावं लागतं. मेल आणि मोबाइल लागतो, पैसे लागत नाहीत. तिथं 'मास्टर डेटा' नावाचा भाग आहे. नाव टाकलं की कंपनीचा सीआयएन येतो. हा एकवीस अक्षर-आकड्यांचा नंबर म्हणजे कंपनीचा जन्मदाखलाच, आणि तो वाचता आला की बरंच काम होतं. पहिलं अक्षर 'एल' असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' असेल तर नाही. पुढचे पाच आकडे धंद्याचा प्रकार सांगतात. मग दोन अक्षरं राज्याची. आपल्या कंपन्यांना 'एमएच', हैदराबादच्या कंपन्यांना 'टीजी', आणि राज्य वेगळं होण्याआधीच्या कागदांवर 'एपी'. त्यानंतर स्थापनेचं साल, मग प्रायव्हेट की पब्लिक, आणि शेवटी नोंदणीचे सहा आकडे. पहिलं अक्षर 'एल' निघालं तर तुमचं नशीब. त्या कंपनीचे भागधारक दर तिमाहीला शेअर बाजाराच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. तेलुगू बातम्यांच्या ज्या चॅनलांची नावं मी वर घेतली त्यांच्याकडे मात्र हा सोपा रस्ता नाही, तिथं पुढं चालावं लागतं.

मास्टर डेटामध्ये फुकट काय मिळतं? पत्ता, अधिकृत आणि वसूल भांडवल, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा, डायरेक्टरांची नावं, आणि कंपनीनं कुणाकडून कर्ज घेऊन काय गहाण ठेवलंय त्याची यादी, तिला चार्ज म्हणतात.

इथंच माझी चूक झाली होती. पहिल्यांदा एका चॅनलची डायरेक्टरांची नावं बघितली आणि अण्णांना जाऊन सांगितलं, हेच मालक. आठवड्यानं पुढचे कागद उघडले तेव्हा कळलं की त्यांच्यातल्या एकाकडेही त्या कंपनीचा शेअर नव्हता. पगारी माणसं होती. मला फार वाईट वाटलं, कारण तोवर अण्णांनी ते चारजणांना सांगून झालं होतं. एरवी मी ऑफिसात पक्षकारांना रोज सांगते की डायरेक्टर म्हणजे कारभारी आणि शेअरहोल्डर म्हणजे मालक. दोन्ही एकच असतील असं धरून चालू नका.

मालक बघायचा तर कागद उघडावे लागतात, आणि त्याला एका कंपनीमागं शंभर रुपये लागतात. पैसे भरले की त्या कंपनीचे सगळे सार्वजनिक कागद तीन तास बघता येतात. तीन तास पुष्कळ वाटतात, पण पोर्टल हळू चालतं, महिनाअखेरीला आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या रिटर्नच्या दिवसांत तर विचारू नका. म्हणून मी कागद सकाळी लवकर उघडते. आधी सगळे हवे ते उतरवून घ्यायचे, वाचायचं नंतर. काय उतरवायचं हेही आधीच ठरवून ठेवा, नाहीतर स्थापनेच्या कागदांतच तास जातो.

सगळ्यात आधी एओसी-४ उघडा. हा ताळेबंदाचा फॉर्म, आणि खरी गोष्ट त्याला जोडलेल्या टिपांमध्ये असते. माझ्या डोळ्यांसमोर अजून ते पान आहे. लेखापरीक्षकाचा गोल शिक्का कोपऱ्यात, पान जरा तिरकं स्कॅन झालेलं, आणि वर 'शेअर कॅपिटल' ही टीप. त्यात एक छोटा तक्ता असतो: पाच टक्क्यांहून जास्त शेअर ज्यांच्याकडे आहेत त्यांची नावं, शेअरची संख्या आणि टक्केवारी, या वर्षाची आणि शेजारी गेल्या वर्षाची. हा तक्ता द्यावाच लागतो, कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तसं सांगितलंय. २०२१ पासून प्रवर्तकांची, म्हणजे कंपनी उभारून ताब्यात ठेवणाऱ्यांची, टक्केवारी आणि वर्षभरात त्यात झालेला बदलही द्यावा लागतो. मी पानावर पट्टी ठेवून ओळीनं वाचते. गेल्या वर्षाच्या रकान्यात एक नाव आणि या वर्षाच्या रकान्यात दुसरं, असं दिसलं की समजायचं, मधल्या बारा महिन्यांत चॅनल विकलं गेलंय.

त्याच ताळेबंदात आणखी एक टीप शोधा, 'रिलेटेड पार्टी'. मातृकंपनी कोण, भावंडं असलेल्या कंपन्या कोण, त्यांच्याशी देणंघेणं किती, हे तिथं येतं. मी तर ही टीप आधी वाचते. नातेवाईक ओळखले की घर ओळखता येतं.

मग एमजीटी-७, म्हणजे वार्षिक विवरण. याला भागधारकांची पूर्ण यादी जोडलेली असते, पाच टक्क्यांच्या खालचेसुद्धा. डायरेक्टर आणि सीईओ कधी आले, कधी गेले हे डीआयआर-१२ मध्ये सापडतं. चार्जचे कागद सीएचजी-१ मध्ये. हे शेवटचे दोन मी घाईत बघते, एरवी त्यांत फार काही नसतं. पण एखाद्या तारखेला एकदम तीन-चार डायरेक्टर गेले आणि तेवढेच नवे आले असं दिसलं तर ती तारीख वहीत लिहून ठेवा. घराची किल्ली त्या दिवशी हातबदल झालेली असते.

आता टीव्ही९ वर येऊ. हे चॅनल हैदराबादेत २००४ च्या जानेवारीत सुरू झालं. रवी प्रकाश हा पत्रकार त्याचा चेहरा, आणि आयलॅब्ज या गुंतवणूक संस्थेचे श्रीनी राजू यांची मुख्य गुंतवणूक. चोवीस तास तेलुगू बातम्या ही तेव्हा नवी गोष्ट होती. लोकांना रवी प्रकाश म्हणजेच टीव्ही९ वाटायचं. अण्णासुद्धा तसंच म्हणत होते. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनीचे ९०.५४ टक्के शेअर अलंदा मीडिया अँड एंटरटेनमेंट्स या कंपनीनं घेतले. पडद्यावर काही बदललं नाही. तोच लोगो, तेच निवेदक, तोच लाल पट्टा. बदल दिसला तो २०१९ च्या मे महिन्यात, संचालक मंडळानं रवी प्रकाश यांना सीईओ पदावरून दूर केलं तेव्हा. लोक त्या दिवशी चकित झाले. पण मालकी नऊ महिने आधीच दुसरीकडे गेली होती. थोडे शेअर हाती असलेला माणूस आणि नव्वद टक्केवाला यांच्यात शेवटी कुणाचं चालणार, हे सांगायला जाणकार लागत नाही.

पण अलंदा मीडिया हे उत्तर नव्हे. पुष्कळ लोक इथंच थांबतात. 'मालक: अमुक मीडिया प्रायव्हेट लिमिटेड' असं लिहून मोकळे होतात. कंपनी ही माणूस नव्हे, तिच्या मागं कुणीतरी आहेच. म्हणून जिन्याची एक पायरी चढलात की पुन्हा तेच करायचं: वरच्या कंपनीचं नाव मास्टर डेटात टाका, पुन्हा शंभर रुपये भरा, पुन्हा एओसी-४, पुन्हा तो पाच टक्क्यांचा तक्ता. माणसांची नावं येईपर्यंत चढत राहा. कधी दोन पायऱ्या, कधी पाच. मध्येच ट्रस्ट किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आली तर जरा अडखळायला होतं. अशा वेळी बेन-२ हा फॉर्म आहे का बघा. एखाद्याकडे आडवळणानं दहा टक्के किंवा त्याहून जास्त हक्क असेल तर त्यानं कंपनीला ते कळवायचं आणि कंपनीनं हा फॉर्म भरायचा, असा नियम २०१८ पासून आहे. सापडला तर सगळ्यात आधी तोच वाचा, कारण त्यात थेट माणसाचं नाव असतं.

अलंदाच्या वरच्या पायरीवर हैदराबादची दोन मोठी उद्योगघराणी आहेत. एक माय होम समूह, जुपल्ली रामेश्वर राव यांचा. घरबांधणी आणि सिमेंट हा त्यांचा धंदा. दुसरी मेघा इंजिनिअरिंग, पी. व्ही. कृष्णा रेड्डी यांची. तेलंगणातल्या कालेश्वरम उपसा सिंचन प्रकल्पाची मोठी कामं याच कंपनीकडे होती, काश्मीरचा झोजिला बोगदा तीच करते, आणि आपल्याकडचा ठाणे-बोरिवली जुळा बोगदाही. २०२४ च्या मार्चमध्ये निवडणूक आयोगानं पक्षांना देणगी द्यायच्या निवडणूक रोख्यांची यादी जाहीर केली तेव्हा मेघा इंजिनिअरिंग ९६६ कोटींचे रोखे घेऊन देशात दुसऱ्या क्रमांकावर होती.

हे ऐकल्यावर अण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे बातम्या खोट्या." तसं नाही, हे मी त्यांना नीट समजावलं आणि तुम्हालाही सांगते. मालक सापडला म्हणजे बातमी खोटी ठरली असं होत नाही. त्या चॅनलमध्ये रात्रंदिवस राबणारे, पावसात भिजून बातमी आणणारे वार्ताहर आहेत. मालकी कळल्यानं आपल्याला एवढंच समजतं की कोणत्या विषयाच्या बातमीला दुसऱ्या चॅनलवर किंवा पेपरात पडताळून घ्यायचं. घरबांधणी, सिमेंट, धरणं, बोगदे, सरकारी कंत्राटं. या विषयांवर टीव्ही९ काय सांगतं याइतकंच काय सांगत नाही तेही बघा. एरवी पाऊस, अपघात, परीक्षेचे निकाल यांच्या बातम्या निर्धास्त बघा.

म्हणून माणसाचं नाव मिळाल्यावर शोध संपवायचा नाही. त्याचा डिन, म्हणजे डायरेक्टरचा नंबर, मास्टर डेटात दिसतो. त्या नंबरवरून तो आणखी कोणकोणत्या कंपन्यांवर आहे ते कळतं. ती यादी एका पानावर लिहा आणि प्रत्येकीपुढं धंदा लिहा. मला विचाराल तर सगळ्या खटाटोपातलं हेच पान सगळ्यात मोलाचं.

तेलुगूत आणखी एक पायरी लागते, राजकारणाची. इथं पुष्कळ चॅनलांच्या मागं पुढारी उघडपणे उभे आहेत आणि कुणी ते लपवतही नाही. साक्षी आंध्रचे माजी मुख्यमंत्री वायएस जगनमोहन रेड्डींच्या घरचं. टी न्यूज तेलंगणाचे माजी मुख्यमंत्री केसीआर यांच्या पक्षाचं म्हणून ओळखलं जातं. व्ही६ तेलंगणातले पुढारी विवेक वेंकटस्वामी यांचं. ते २०१९ मध्ये भाजपमध्ये गेले, २०२३ च्या निवडणुकीआधी काँग्रेसमध्ये परतले आणि चेन्नूरमधून आमदार झाले. मालकानं पक्ष बदलला की चॅनलचा सूर बदलतो का, हे बघायचं तर अशा तारखांच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन आठवडे बघा. टीव्ही५ चे बी. आर. नायडू २०२४ मध्ये तिरुमला तिरुपती देवस्थानचे अध्यक्ष झाले. याउलट एबीएनचे वेमुरी राधाकृष्ण यांची कहाणी मला फार वेगळी वाटते. आंध्रज्योती या दैनिकात ते वार्ताहर होते, पुढं त्याच पेपरचे मालक झाले आणि मग २००९ मध्ये चॅनल काढलं.

पुढारी निवडणुकीला उभा राहिलेला असेल तर त्याचं शपथपत्र वाचा. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं, 'मायनेता' या वेबसाइटवर आणखी सोप्या रूपात. जंगम मालमत्तेच्या तक्त्यात शेअरचा रकाना असतो. उमेदवार स्वतः, पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुलं, असे वेगळे रकाने. पत्नीच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. कंपनीच्या यादीतलं नाव इथल्या नावाशी जुळलं की दोन्हीकडून गाठ बसली.

चॅनल कुणाचं याचा परिणाम फक्त बातमीच्या सुरावर होतो असंही नाही, कधी चॅनलच दिसेनासं होतं. तेलंगण झाल्याबरोबर २०१४ च्या जूनमध्ये तिथल्या केबलवाल्यांनी टीव्ही९ आणि एबीएन बंद केलं. दहा वर्षांनी, २०२४ च्या जूनमध्ये, आंध्रात सरकार बदललं आणि टीव्ही९, साक्षी, एनटीव्ही तिकडच्या केबलवरून गायब झाली. टीव्ही९ ला दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन आदेश आणावा लागला. गुंटूरच्या एखाद्या घरात म्हातारा माणूस रिमोट दाबत बसला असेल आणि त्याला कुणी सांगितलंही नसेल की चॅनल का येत नाही. हे मला मनापासून चुकीचं वाटतं, मग चॅनल कुणाचंही असो. 'ट्राय'नं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०१४ च्या ऑगस्टमध्ये शिफारस केली होती की राजकीय पक्षांना प्रसारणाच्या धंद्यात येऊ देऊ नये. ती शिफारस कागदावरच राहिली.

आता जरा अवघड भाग. कधीकधी शेअरच्या यादीत मालक दिसत नाही, कारण तो अजून मालक झालेला नसतो, सावकार असतो. ताळेबंदात मोठं कर्ज, तेही बिनव्याजी किंवा एखाद्या अनोळखी कंपनीकडून, असं दिसलं तर तिथं थांबा. त्या कर्जाला 'कन्व्हर्टिबल' किंवा 'वॉरंट' हा शब्द जोडलेला आहे का बघा. याचा अर्थ, ठरलेल्या अटीवर ते कर्ज शेअरमध्ये बदलता येतं किंवा त्या हक्कानं शेअर घेता येतात. एनडीटीव्हीचं उदाहरण घ्या. प्रवर्तकांच्या आरआरपीआर या कंपनीनं २००९ मध्ये विश्वप्रधान कमर्शियल नावाच्या कंपनीकडून सुमारे ४०० कोटी घेतले आणि बदल्यात वॉरंट दिले. तेरा वर्षं ते कागद तसेच पडून होते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अदानी समूहानं विश्वप्रधान विकत घेतली, वॉरंट वापरले, आणि आरआरपीआरकडचा एनडीटीव्हीतला २९.१८ टक्के हिस्सा त्यांच्याकडे गेला. मग खुला देकार, म्हणजे बाकीच्या भागधारकांचे शेअर विकत घ्यायचा जाहीर प्रस्ताव, आला आणि वर्षअखेरीला चॅनल त्यांच्या हातात होतं. म्हणून मी आमच्या ऑफिसात नव्या मुलींना शिकवते, शेअरची टीप वाचून झाली की कर्जाची टीप वाचायची, ती सोडायची नाही.

मालकी नेहमी अख्खीच जाते असंही नाही. हैदराबादेतूनच चालणाऱ्या ईटीव्ही मराठीची आठवण आपल्याकडे अजून आहे. २००० मध्ये रामोजी फिल्म सिटीतून ते सुरू झालं, कितीतरी मराठी पत्रकार पोरं तेव्हा तिकडे जाऊन राहिली होती. रामोजी राव यांच्या ईटीव्हीची चॅनलं पुढं टीव्ही१८ या कंपनीकडे गेली तेव्हा तीन वेगवेगळ्या मापांनी गेली. हिंदी आणि उर्दूतली बातम्यांची चॅनलं पूर्ण, मराठीसारखी प्रादेशिक मनोरंजनाची निम्मी, आणि तेलुगूतला फक्त २४.५ टक्के हिस्सा. स्वतःच्या भाषेतलं घर त्यांनी हातातून सोडलं नाही. २०१५ मध्ये ईटीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं ते याच व्यवहारातून. टक्केवारीचा आकडा वाचताना त्यामागं माणसाचा जीव कुठं गुंतलाय हेही कधीकधी दिसतं, ते असं.

परदेशी पैशाचं विचारतात म्हणून सांगते: बातम्यांच्या चॅनलमध्ये परदेशी गुंतवणूक ४९ टक्क्यांपर्यंतच चालते आणि तिलाही सरकारची मंजुरी लागते. यादीत मॉरिशस किंवा सिंगापूरच्या पत्त्याची कंपनी दिसली म्हणून लगेच काहीतरी काळंबेरं समजू नका, गुंतवणूक करणारे फंड पुष्कळदा तिथूनच येतात. टीव्ही९ मध्येही पूर्वी सैफ पार्टनर्स या फंडाचे पैसे होते.

हे सगळं झाल्यावर लिहायचं कसं? माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक चॅनलला वहीत एक पान. वर चॅनलचं नाव, खाली परवानगी असलेली कंपनी आणि तिचा सीआयएन. मग जिना काढायचा, खालून वर, प्रत्येक पायरीवर कंपनी, टक्केवारी आणि कोणत्या तारखेच्या कागदावरून घेतलं ती तारीख. तारखेशिवाय एकही आकडा लिहू नका. कुणाला सांगतानाही 'अमुक मालक आहे' असं म्हणण्यापेक्षा '३१ मार्चच्या ताळेबंदानुसार अमुक टक्के अमुककडे' असं म्हणा. हे फक्त कायद्याच्या भीतीनं सांगत नाही. मालकी हलते, आणि तुम्ही सांगितलेलं वाक्य त्यानंतरही गल्लीत फिरत राहतं. माझ्या एका चुकीच्या वाक्यानं अण्णांना समोरच्या घरी जाऊन परत सांगावं लागलं होतं.

टीव्ही९ चं पान आम्ही दोघांनी मिळून पूर्ण केलं. दोन कंपन्यांचे दोनशे रुपये अण्णांनी स्वतःहून काढून दिले, मी नको म्हटलं तरी. मी तेलुगू बोलते, पण लिहिता येत नाही. म्हणून अण्णांच्या नातीनं ती नावं तेलुगूत उतरवली आणि कागद टीव्हीच्या कपाटाच्या काचेला आतून चिकटवला. खाली मी लाल पेनानं लिहिलंय: पुन्हा बघणे, डिसेंबर. कंपनीची सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, त्यानंतर तीस दिवसांत एओसी-४ आणि साठ दिवसांत एमजीटी-७ भरायचा असतो. म्हणजे नोव्हेंबर संपला की नवे कागद पोर्टलवर आलेले असतात, आणि आमच्या ऑफिसातली गर्दीही तोवर ओसरलेली असते.